गुणाजीची खुर्ची

बोरीवली पूर्वेला, हायवेच्या अंगाला चंद्रिका परमिट रूम आहे आणि तिथं भूत आहे, हे आता आजूबाजूच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालंय. भुताचं नाव गुणाजी. बसण्याची जागा टेबल नंबर नऊ, बेसिनशेजारचा कोपरा. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात. कांदिवली-मालाडवरून कॉलेज संपवलेली पोरंपोरी रिक्षा करून त्याला बघायला येतात. पण ज्या माणसानं हे भूत जन्माला घातलं त्या शिवदास इंगोलेचं नाव काढा, की लोक म्हणतात, कोण, तो वेटर काय?

शिवदास वाशिमकडचा. मिसरूड फुटायच्या सुमारास मामाचा हात धरून मुंबईला आला आणि चंद्रिकेत जो उभा राहिला तो सव्वीस वर्षं उभाच होता. ही बोलायची रीत म्हणून सांगत नाही. खरंच उभा होता. सकाळी अकराला बार उघडायचा, तेव्हापासून शटर पडेस्तोवर. दहिसरला केतकीपाड्यात त्याची खोली. भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, खाली पंचशीलाची चौकट. त्यातलं पाचवं शील दारूचं. ते शिवदासनं कडेकोट पाळलं. सव्वीस वर्षांत थेंब जिभेला लावला नाही. दुसऱ्यांना ते मोडायला बर्फ आणि सोडा वेळच्या वेळी पुरवला, एवढंच.

पस्तिशी उलटल्यावर त्याच्या पायांनी दगा दिला. पोटऱ्यांवर निळ्या-काळ्या शिरा फुगून आल्या. पावसाळी जमिनीतून गांडुळं वर यावीत तशा. मनपाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पॅन्ट वर करायला लावली, बोटानं दाबून बघितलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"वेटर."

"मधेमधे बसत जा."

"कुठं?"

बाईला वाटलं हा टवाळी करतोय. तिनं पुढच्या नंबरला आत बोलावलं.

आता चंद्रिकेत कुठं बसणार? जुने मालक अण्णा मंगळूरकडचे, माणूस देवभोळा, पण एका बाबतीत लोखंड. वेटरनं गिऱ्हाइकाच्या खुर्चीला बूड लावायचं नाही. वेटर बसलेला दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं बार बंद झाला, असं त्यांचं गणित. किचन एवढं अरुंद, की आचारी कढईपुढं आडवा उभा राहायचा. गल्ल्यामागं एक खुर्ची, तीत अण्णा. दुपारी तीनला, जेव्हा आख्ख्या बारमध्ये पंख्याखाली दोन माणसं पेंगत असायची आणि अठरा खुर्च्या रिकाम्या पडलेल्या असायच्या, तेव्हा शिवदास त्या अठरांकडं बघत भिंतीला पाठ लावून एकदा हा पाय, एकदा तो पाय असं करत राहायचा. भुकेल्यानं मिठाईच्या दुकानापुढं उभं राहावं, तसं.

गुणाजी त्या काळचा रोजचा गिऱ्हाईक. सावंतवाडीकडचा प्लंबर. संध्याकाळी पाचला हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून यायचा आणि नऊ नंबरला बसायचा. ती जागा कुणालाच नको असायची. बेसिनचं पाणी अंगावर उडायचं, तोंड धुणाऱ्याचं कोपर कानाला लागायचं. गुणाजी म्हणायचा, "माका पाण्याच्या आवाजार झोप लागता." बेसिनचा नळ गळायला लागला की हाच पान्हा काढून आवळायचा.

एक दिवस गुणाजी आला नाही. आठवडा गेला, महिना गेला, दोन महिने गेले.

आता पिणाऱ्या माणसाचा हिशेब समजून घ्या. रोज येणारा माणूस दोन महिने दिसला नाही, तर त्याचा अर्थ एक तर तो मेला, नाही तर त्यानं दारू सोडली. यातल्या दुसऱ्या गोष्टीवर चंद्रिकेत कुणाचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. राहिली पहिली. घरी जाऊन विचारावं तर घर कुणाला माहीत? अठरा वर्षं शेजारी बसून प्यालेल्या लोकांना गुणाजीचा ब्रँड माहीत होता, त्याचं यकृत माहीत होतं, गावच्या आंब्याच्या बागेवरून भावाशी चाललेला खटला तारीखवार माहीत होता. आडनाव मात्र एकालाही सांगता येईना.

शेवटी श्यामकांतसाहेबांनी निकाल दिला. हे साहेब सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, चार नंबरला बसायचे. बारमधल्या कुठल्याही बाबीवर शेवटची सही त्यांची. ते म्हणाले, "गेला बिचारा." झालं. त्यांच्या निरोपसमारंभाच्या फोटोतून गुणाजीचं तोंड कापून मोठं केलं. फोटोत तो भजी चावत होता, त्यामुळं एक गाल फुगलेला. तसाच फोटो बेसिनच्या वर लागला, हार पडला आणि एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला सगळ्यांनी ग्लास हातात धरून दोन मिनिटं शांतता पाळली. काहींना दोन मिनिटं जड गेली.

आणि नऊ नंबरची खुर्ची मोकळी झाली.

पहिल्या दिवशी दुपारी तीनला अण्णा जेवायला आत गेल्यावर शिवदासनं तिच्यावर बूड टेकलं. नुसतं टेकलं, अर्धं. मग पूर्ण. पाय लांब केले. पोटऱ्यांतून काहीतरी वितळून टाचांपर्यंत गेलं. वीस मिनिटं तो तिथं होता आणि त्या वीस मिनिटांत त्याच्या ध्यानात आलं, की आपण आजवर हा बार खालून कधी बघितलाच नव्हता. टेबलांच्या खालच्या अंगाला लोकांनी केवढी च्युइंगम चिकटवली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एक कुरिअरवाला घामाघूम होऊन आला आणि पंखा बघून नेमका नऊकडं वळला. शिवदास म्हणाला, "तिथं नको. तिथं गुणाजी बसतो."

"कोण गुणाजी?"

शिवदासनं फोटोकडं बोट केलं.

बस, एवढंच. भूत हा शब्दसुद्धा त्यानं काढला नाही. कुरिअरवाल्यानं हार बघितला, फुगलेला गाल बघितला आणि गडी मागं सरकताना बेसिनपुढच्या ओल्या लादीवर घसरून पडला. ती लादी रोज कुणाला ना कुणाला पाडत होती. पण आजवर कुणी कारण विचारलं नव्हतं.

हप्त्याभरात चंद्रिकेला भूत लागलं. पिणारी माणसं पहिल्या घोटाआधी ग्लासात बोट बुडवून दोन थेंब उडवतात, हे तुम्ही बघितलं असेल. कुणासाठी ते विचारू नये. असतं कुणीतरी गेलेलं. तर ते थेंब आता सगळे नऊ नंबरच्या दिशेनं उडायला लागले. लांबच्या टेबलावरचे लोक उठून येऊन उडवून जायचे. कोपऱ्यातली लादी चिकट झाली, मुंग्या लागल्या. मुंग्या रांगेनं फिरायच्या, पण लोक म्हणायचे, बघा, कशा गोल फिरतायत. अण्णांनी रोज पाचला भुताच्या नावानं एक पेग टेबलावर ठेवायला सांगितलं. शिवदास तो ठेवायचा आणि नंतर बाटलीत परत ओतायचा.

एकदा श्यामकांतसाहेब भर दुपारी आले आणि त्यांनी शिवदासला त्या खुर्चीत धरलं.

"शिवदास, तू तिथं बसतोस?"

शिवदास उठलाच नाही. म्हणाला, "सोबत करतो साहेब. एकटाच असतो बिचारा."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी ते अण्णांच्या कानावर घातलं. अण्णा गल्ल्यावरच्या देवांना हात जोडून शिवदासला म्हणाले, "तू बस रे. रोज बस थोडा वेळ. त्याला बरं वाटेल."

असा तो लोखंडी नियम वाकला. मुंबईच्या उपनगरात बहुधा हा एकच वेटर असेल, ज्याला मालकानं मेलेल्या माणसाच्या सोबतीला म्हणून बसायची परवानगी दिली होती. पाच वर्षं रोज दुपारी तीन ते चार शिवदास बसला. शिरा पुष्कळ उतरल्या.

मग अण्णा गावी गेले आणि मुलगा यज्ञेश गल्ल्यावर आला. शिकलेला, दाढी कोरलेली, मराठी हिंदी इंग्रजीची भेळ बोलणारा. बापाला भुताची भीती होती, याला भुतात स्कोप दिसला. त्यानं व्हिडिओ केले. निळा बल्ब लावला. "गुणाजी स्पेशल" नावाची चकली-शेंगदाण्याची बशी काढली. गर्दी वाढली. आणि एका सोमवारी शिवदास तीनला कोपऱ्यात गेला, तर खुर्चीला लाल जाड दोरी आवळलेली, वर पाटी: येथे बसू नये.

"काका, आता तिथं कुणी नाही बसायचं," यज्ञेश म्हणाला. "फोटो पॉइंट केलाय."

"मी तर रोज बसतो. सोबत म्हणून."

"भुताला सोबत असली तर लोक घाबरणार कशाला? समजा ना."

शिवदास परत भिंतीला लागला. पंधरवड्यात शिरा पुन्हा फुगल्या.

घरी आणखी वेगळंच वाट बघत होतं. बायको चंपा केतकीपाड्याच्या विहारातल्या महिला मंडळाची पुढारी. दर पौर्णिमेला भूत-भानामतीच्या विरोधात तिचं भाषण. त्या रात्री शिवदास जेवायला बसला तर तिनं ताटाऐवजी मोबाइल पुढं ठेवला. त्यात निळ्या उजेडात नऊ नंबर होता आणि श्यामकांतसाहेब सांगत होते, की गुणाजीशी बोलणारा एकच माणूस आहे, आमचा शिवदास.

"बाया मले इचारू रायल्या," चंपा म्हणाली, "ताई, तुमच्या घरधन्याची अन् भुताची बोलचाल हाये म्हणे. काय सांगू मी?"

"सांग नाई म्हून."

"मंग हे कोण बोंबलू रायला?"

शिवदासनं अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. चंपा ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी इथं भुतं पळवू रायली अन् तुमी तिथं पैदा करू रायले. काहून? तं बसाले खुर्ची पायजे म्हून."

"माह्या पोटऱ्या पाहून बोल."

"पाहूनच बोलतो. उद्या जा अन् मालकाले खरं सांगा. भूत गेलं का दोरी गेली. दोरी गेली का खुर्ची हायेच."

हे शिवदासला पटलं. त्यात धर्मही होता आणि खुर्चीही.

दुसऱ्या दिवशी त्यानं यज्ञेशला आणि चार नंबरवर बसलेल्या साहेबांना एकत्र गाठून सांगून टाकलं. भूतबीत काही नाही. मीच बोललो. पाय दुखत होते म्हणून बोललो.

यज्ञेश हसला. "काका, सुरू तुम्ही केलं असेल. पण आता लोकांना दिसतोय ना तो. आता तो तुमचा नाही राहिला."

साहेब मात्र गंभीर झाले. "शिवदास, मी त्याला दोनदा बघितलाय. या डोळ्यांनी. हे असलं बोलू नकोस, त्याला राग येईल." आणि ग्लासात बोट बुडवून त्यांनी दोन थेंब शिवदासच्या वतीनं कोपऱ्याकडं उडवले.

सव्वीस वर्षांत शिवदासनं कधी खोटी ऑर्डर सांगितली नव्हती. तरी त्याचं खोटं लोकांनी झटक्यात उचललं होतं आणि खरं कुणी हातात घ्यायला तयार नव्हतं. तो गुमान ट्रे पुसायला लागला.

त्यानंतर आठव्या दिवशी, दुपारी तीनला, दार ढकलून गुणाजी आत आला.

अंगानं भरला होता, केस पिकले होते, खांद्याला तीच पिशवी. बार रिकामा. यज्ञेश मागं फोनवर. गुणाजीनं आधी आपला फोटो बघितला, मग हार, मग दोरी. मग शिवदासकडं वळला.

"शिवदासा, माका कोणी मारल्यान रे?"

शिवदासनं ट्रे छातीशी धरला. भुतावर त्याचा विश्वास नव्हता, तरी त्यानं आधी पायांकडं बघितलं. पाय सुलटे होते, चपलेचा एक अंगठा तुटलेला.

"तू जिता हायेस?"

"नायतर काय. नालासोपाऱ्याक भाचीकडे ऱ्हवतंय. तिना मोबाइलात दाखवल्यान, मामा, हो तूच मां? बघतंय तर गळ्यात हार."

"मंग आला काहून नाहीस इतकी वर्षं?"

"काविळ झाली. डॉक्टरान सांगल्यान, एक थेंब घेतलंस तर मसणात जातलंस. म्हणान सोडलंय."

"सांगायला तरी यायचं होतं."

"खंय? दारू सोडलंय म्हणान सांगूक बारात येव?" गुणाजीनं खुर्चीची दोरी चाचपली. "आणि माझ्या नावाचो ग्लास ठेवतत, तो कोण पिता?"

"बाटलीत जातो परत."

"बरां करतास," गुणाजी म्हणाला. "माका लिंबूसोडा दी."

शिवदासनं त्याला लिंबूसोडा दिला तो अगदी प्रेमानं. कारण त्याच्या डोक्यात लख्ख पडलं होतं. हा आता बिनतोड पुरावा. भूत स्वतःच्या पायांनी चालत आलंय, लिंबूसोडा पितंय, ढेकर देतंय. आता दोरी सुटते की नाही बघतो. त्यानं गुणाजीचं मनगट धरलं आणि यज्ञेशपुढं नेऊन उभं केलं.

"हा गुणाजी. हात लावून बघा."

यज्ञेशनं फोन खाली ठेवला. गुणाजीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, पुन्हा गुणाजीकडं. शिवदासला वाटलं, जिंकलो.

"काका," यज्ञेश गुणाजीला म्हणाला, "संध्याकाळी पाच ते सात काय करता?"

"आता काय, वय झाला. नुसतो बसान असतंय."

"तेच करायचंय."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं लाल दोरी सोडली.

अशा रीतीनं गुणाजीला स्वतःचं भूत म्हणून नोकरी लागली. पांढरा शर्ट, डोक्यावर टॉवेल, लोकांकडं पाठ, पुढ्यात ग्लास. बोलायचं नाही, हलायचं नाही. चंद्रिकेत बसून करायचं काम हे एकच निघालं आणि ते बाहेरच्या माणसाला मिळालं. शिवदासनं त्याला दर अर्ध्या तासानं लिंबूसोडा उभ्यानं नेऊन द्यायचा. गुणाजी तोंड न हलवता कुजबुजायचा, "जरा टेक मां रे, शिवदासा." पण टेकायचं कुठं? बारभर मोबाइल रोखलेले.

जुन्या गिऱ्हाइकांना मात्र हा गुणाजी पसंत पडला नाही. श्यामकांतसाहेब जवळ जाऊन निरखून आले आणि म्हणाले, "चेहरा थोडा जुळतो. पण आमच्या गुणाजीची बात या माणसात नाही."

गुणाजीला मंगळवारी सुट्टी हवी होती, भाचीकडं काही असायचं. यज्ञेश विचार करून शिवदासला म्हणाला, "मंगळवारी तुम्ही बसा. अंगलट सेम आहे. पाठीमागून काय कळतंय."

शिवदासनं तीनदा विचारलं. "बसायचंच ना?"

"बसायचंच."

"दोन तास?"

"दोन तास. फक्त बसायचं, काका. ड्यूटीच आहे ती."

घरी सांगायची त्याला लाज वाटत होती. पण चंपा त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती आणि अशा वेळी खोटं बोलता येत नाही. त्यानं सांगितलं. चंपाचा हात थांबला. तिनं शिरेवरून अंगठा फिरवला. शीर तटतटली होती.

"भूत मानू नोका असं सांगतलेलं हाये," ती सावकाश म्हणाली. "बनू नोका असं काई सांगतलेलं मले तरी आठवत नाई."

"विहारात बाया इचारतीन."

"मी पाहून घेईन बायाइचं. तुमी बसा."

मंगळवारी पाचला शिवदास बसला. पांढरा शर्ट घातला, टॉवेल गुंडाळला, भिंतीकडं तोंड केलं. टेबलाखाली पाय लांब सोडले, टाचा सोड्याच्या क्रेटवर टेकवल्या. पाठीमागं बार भरत गेला. निळ्या उजेडात लोक हळू आवाजात बोलत होते. दोन-चार थेंब मानेवर येऊन पडले. शिवदास हलला नाही. त्याला कुणी हाक मारत नव्हतं, बोटानं खुणावत नव्हतं, शुक-शुक करत नव्हतं. साडेपाच झाले. सहा झाले. टाचांतली आग विझली, मग पोटऱ्यांतली. अजून एक तास बाकी होता आणि तो तास भरल्या ताटासारखा त्याच्यापुढं वाढलेला होता.

सहा वाजून दहा मिनिटांनी श्यामकांतसाहेबांना चकलीचा ठसका लागला. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि रोजच्या सवयीनं ओरडले, "शिवदास, पाणी."

"आणतो साहेब," भूत म्हणालं.

ते उठलं. टॉवेल खांद्यावर टाकत बेसिनपलीकडं गेलं, मडक्यात ग्लास बुडवला, बूड पुसलं आणि चार नंबरला नेऊन ठेवला. वाटेत पाच नंबरची रिकामी बशीही उचलली. मग मधोमध आल्यावर त्याला कळलं आणि बशी हातात घेऊन ते उभं राहिलं.

तिसाएक मोबाइल वर धरलेले. साहेब ठसका विसरले होते. ते पाण्याकडं बघत होते, ग्लासाला हात लावत नव्हते. मागच्या टेबलावरची एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "यार, ह्यानं सर्व्ह केलं."

यज्ञेश गल्ल्यामागून धावत आला. शिवदासला वाटलं, गेली. खुर्ची गेली आणि नोकरीही गेली. तो म्हणाला, "चुकलं मालक. सवय. बसतो परत."

"बसू नका," यज्ञेश त्याच्या कानाशी लागून म्हणाला. त्याचा श्वास फुलला होता. "अजिबात बसू नका. सहा नंबरवर बर्फ द्या. सावकाश चालत. टॉवेल डोक्यावर घ्या."

"आणि खुर्ची?"

"रिकामी राहू दे. भूत फिरतंय म्हटल्यावर रिकामी खुर्चीच भारी दिसते फोटोत. आता दर मंगळवारी असंच. गुणाजीलाही सांगतो, रोज असंच."

सहा नंबरवाले चौघं एकमेकांना चिकटून बसले होते. शिवदासनं टॉवेल डोक्यावर घेतला, चिमट्यानं बर्फाचे चार खडे त्यांच्या ग्लासांत सोडले आणि विचारलं, "सोबत काही?"

चौघांनी एका दमात गुणाजी स्पेशल मागवली.